कुर्डुवाडी : तीन फुटांवर वसलेले गाव

मुंबईहून चेन्नईकडे अथवा बंगळूरकडे निघालेली आगगाडी पुणे आणि दौंड मागे टाकून सोलापूरच्या वाटेला लागली, म्हणजे मध्ये कुर्डुवाडी नावाचे एक जंक्शन लागते. दूरच्या प्रवाशाला ते बहुधा झोपेतच भेटते. फलाटावरचे दिवे, चहावाल्याची आरोळी, थोडीशी धावपळ, आणि पुन्हा माळरानावरचा काळोख. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हे नाव निराळ्या कारणाने परिचित आहे. पंढरपूरला जावयाचे, तर कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते, हे वाक्य त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत असे.

कुर्डुवाडी हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील एक लहान गाव आहे. गावालगत मोठी नदी नाही, नाव घेण्यासारखा किल्ला नाही, पुराणांत शोधावे असे क्षेत्रही नाही. जवळच कुर्डू नावाचे जुने खेडे आहे, आणि त्या खेड्याची वाडी ती कुर्डुवाडी, एवढाच अर्थ तिच्या नावात आहे. असे असता या वाडीचे गाव कसे झाले, तेथे बाजार कसा भरला, कारखाना कसा उभा राहिला आणि चारी दिशांची माणसे तेथे का येऊन राहिली? या प्रश्नाचे उत्तर एका अंतरात आहे. ते अंतर कोसांत किंवा मैलांत मोजण्याचे नव्हे. ते अवघे तीन फूट आहे. भारतातील मोठ्या रेल्वेचे रूळ एकमेकांपासून साडेपाच फुटांवर असतात. कुर्डुवाडीहून फुटणाऱ्या लहान रेल्वेचे रूळ अडीच फुटांवर होते. या दोहोंमधला तीन फुटांचा फरक शंभर वर्षांहून अधिक काळ या गावाच्या पोटापाण्याचा आधार होता.

प्रथम मोठी रेल्वे आली. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी धावली, तेव्हा साडेपाच फुटांचे माप लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत निश्चित झालेले होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा एक फाटा पुण्यावरून आग्नेयेकडे निघाला. तो १८५९ साली आज जेथे कुर्डुवाडी आहे तेथपर्यंत आणि १८६० साली सोलापूरला पोहोचला. त्या वेळी बोरघाटातला मार्ग तयार व्हावयाचा होता. घाटावर गाडी धावत होती आणि घाटाखालीही धावत होती, परंतु मधली चढण माणसांना व मालाला इतर साधनांनी ओलांडावी लागे. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला आणि सोलापूरकडचा कापूस गाडीतून न उतरता मुंबई बंदरात पोहोचू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला होता तो हाच काळ. दख्खनच्या कापसाला त्या चार वर्षांत जो भाव आला, तो पूर्वी कोणी पाहिला नव्हता. पुढे १८७१ साली रायचूर येथे हा मार्ग मद्रास रेल्वेला मिळाला आणि मुंबई व मद्रास ही दोन शहरे रुळांनी जोडली गेली.

या मोठ्या मार्गावरील आपल्या स्थानकाला कंपनीने कुर्डुवाडी हे नाव दिले नाही. तिने त्याला ‘बार्शी रोड’ म्हटले. रेल्वेच्या जुन्या भाषेत स्थानकाच्या नावापुढचा ‘रोड’ हा शब्द मोठा सूचक आहे. ज्या गावाचे नाव पाटीवर लिहिले आहे ते गाव येथे नाही, येथून त्या गावाकडे जाणारा रस्ता मात्र आहे, असा त्याचा अर्थ. बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची जुनी व्यापारी पेठ. पलीकडे निजामाचा मुलूख होता. तेथला कापूस, गळिताची धान्ये आणि डाळी बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीच्या बाजारात येत. ही पेठ मोठ्या रेल्वेपासून सुमारे पस्तीस किलोमीटर दूर राहिली. इंजिनिअरांनी मार्ग आखला तो मुंबई आणि मद्रास या दोन टोकांकडे पाहून, आणि वाटेतल्या पेठांना त्या मार्गापर्यंत आपला माल स्वतः आणून पोहोचवावा लागला. त्यामुळे बार्शी रोड हे स्थानक म्हणजे आरंभी बैलगाड्यांचा तळच होता. उन्हाळ्यात या गाड्यांची रांग लागे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की व्यापार जागच्या जागी थांबे.

ही अडचण एका इंग्रज इंजिनिअराने मनावर घेतली. त्याचे नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत आला. बार्शीसारख्या पेठांना मोठ्या मापाची रेल्वे परवडणार नाही, कारण तेवढी वाहतूकच नाही, हे त्याला दिसत होते. पण बैलगाडीवर सोडून देण्याइतकी ती वाहतूक थोडीही नव्हती. या दोन टोकांच्या मधला उपाय म्हणजे हलकी रेल्वे. परंतु त्या काळी लहान मापाची रेल्वे म्हणजे खाणीतल्या किंवा मळ्यातल्या ढकलगाडीची थोरली बहीण, असाच पुष्कळांचा समज होता. डबे इवलेसे, इंजिन खेळण्यासारखे, आणि वाहून न्यावयाचा माल थोडा. हा समज खोडून काढणे हे कॅलथ्रॉपने आपले काम मानले.

त्याचा विचार समजून घेणे कठीण नाही. रुळांवर गाडीचे ओझे पडते ते चाकांमधून, आणि दोन समोरासमोरची चाके एका आसाला जोडलेली असतात. त्यामुळे गाडी एकंदर किती जड आहे, यापेक्षा एका आसावर किती भार आहे, हा प्रश्न रुळाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. लोखंडाच्या जाड रुळांना, भक्कम पुलांना आणि रुंद भरावांना जो पैसा लागतो, तो सर्वांत जड आसासाठी लागतो. एका इंजिनाचा एक आस जरी दहा टनांचा असला, तरी सगळा मार्ग दहा टनांच्या हिशेबाने बांधावा लागतो, मग मागचे डबे कितीही हलके असोत. कॅलथ्रॉपने नियम घातला की आपल्या रेल्वेवर कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. इंजिन असो, मालडबा असो, उतारूंचा डबा असो, सर्वांना नियम एकच. इंजिनाला शक्ती हवी असेल, तर त्याचे आस वाढवावे. डब्यात माल अधिक भरावयाचा असेल, तर डबा लांब करून त्याचे ओझे अधिक चाकांवर वाटून द्यावे. असे केले म्हणजे रूळ हलका चालतो, पूल स्वस्तात होतो, वळणे आखूड घेता येतात, जमीन कमी लागते, आणि तरीही डब्यातला माल बैलगाड्यांच्या संबंध तांड्याला पुरून उरतो.

या हिशेबाने लीड्स येथील किटसन कंपनीच्या कारखान्यात बार्शीसाठी इंजिने तयार झाली. प्रत्येकाला ओढणारी आठ चाके आणि मागे भार तोलणारी चार चाके, म्हणजे एकूण सहा आस होते. सहा आसांवर पाच टन धरले, तर इंजिनाचे वजन तीस टनांच्या घरात जाते. अडीच फुटांच्या रुळांवर असे दांडगे इंजिन चालू शकते, यावर विश्वास बसणे अवघडच होते. म्हणून ही सामग्री हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी १८९७ साली लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून तिचे प्रात्यक्षिक इंजिनिअरांना दाखविण्यात आले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका आडपेठेसाठी केलेली गाडी आधी इंग्लंडने पाहिली आणि मग ती समुद्र ओलांडून आली.

परवानगी आणि भांडवल यांत मात्र कित्येक वर्षे गेली होती. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. लोकांनी कंपनीच्या नावातला शेवटचा शब्द टाकून दिला आणि गाडीला ‘बार्शी लाइट’ म्हणावयास आरंभ केला. हे नाव अखेरपर्यंत टिकले. तिच्या संथ गतीवर विनोदही झाले. चालत्या गाडीतून उतरावे, शेंगा घ्याव्या आणि पुन्हा गाडी गाठावी, ही थट्टा देशातल्या बहुतेक सर्व लहान गाड्यांच्या वाट्याला आली आहे, तशी ती बार्शी लाइटच्याही वाट्याला आली. थट्टा करणारे लोक तिकीट मात्र तिचेच काढीत.

पुढच्या तीस वर्षांत हा मार्ग तीन दिशांना वाढला. १९०६ साली तो पंढरपूरला गेला. त्याच सुमारास बार्शीच्या पुढे बालाघाट चढून तो तडवळ्याकडे सरकला, आणि १९११ साली लातूरला पोहोचला. १९२७ साली पंढरपूरपासून पुढे मिरजेपर्यंतचा भाग पुरा झाला. लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरांचा हा मार्ग तेव्हा एका लहान कंपनीच्या हाती होता, आणि त्याचे मर्मस्थान कुर्डुवाडी हे होते.

या मार्गाच्या भूगोलात राजकारणही गुंतलेले होते. बार्शी मुंबई इलाख्यात होती, तर उस्मानाबाद आणि लातूर ही हैदराबाद संस्थानात. संस्थानाची स्वतःची जकात होती. तिला ‘करोडगिरी’ म्हणत. भाषा एक, सोयरीक एक, देवही एक, परंतु मध्ये सरहद्द, अशी या मराठी मुलखाची अवस्था होती. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बार्शी लाइटने मात्र १९११ सालीच लातूरची पेठ पंढरपूरच्या वाटेला जोडून दिली होती. नकाशावर जे जोडणे पंचेचाळीस वर्षांनी झाले, ते अडीच फुटांच्या रुळांनी आधीच करून ठेवले. लातूरच्या बाजाराला यानंतर जी वाढ आली, तिची खूण म्हणजे १९१७ सालची गंजगोलाई. मध्यभागी गोल इमारत आणि भोवती फुटणारे बाजारांचे रस्ते, अशी तिची रचना आजही ओळखू येते.

आता कुर्डुवाडीकडे वळले पाहिजे. लहान रुळांवरून आलेला डबा मोठ्या रुळांवर चढत नाही. त्यामुळे लातूर, बार्शी किंवा पंढरपूर यांकडून येणारी प्रत्येक गासडी आणि प्रत्येक पोते कुर्डुवाडीच्या मालधक्क्यावर उतरे, आणि पाठीवरून किंवा हातगाड्यावरून पलीकडच्या मोठ्या डब्यात जाई. मुंबईकडून येणारे कापड, मीठ, रॉकेल, लोखंड यांचा प्रवास उलट दिशेने होई. रेल्वेच्या हिशेबनिसाला ही अदलाबदल म्हणजे तोटा वाटे. वेळ मोडतो, मजुरी पडते, पोती फाटतात, माल हरवतो. कुर्डुवाडीच्या दृष्टीने पाहिले तर हीच रोजी होती. ज्या तीन फुटांवरून पोते उचलावे लागे, त्या तीन फुटांवर हमालांची घरे चालत. पोत्यांमागून अडते आले, अडत्यांमागून वखारी आल्या, वखारींमागून खानावळी आल्या.

मालाप्रमाणेच माणसांचीही अदलाबदल होई. मुंबई, पुणे, सोलापूर, हैदराबाद, किंबहुना थेट मद्रासेकडून येणारा पंढरीचा यात्रेकरू कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून उतरे आणि लहान गाडीची वाट पाहत बसे. आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास तर गावाचे रूप पालटून जाई. फलाटावर टाळ वाजत, मोकळ्या जागेत चुली पेटत, आणि भरून गेलेल्या गाडीत जागा न मिळालेले लोक पुढच्या गाडीची वाट पाहत रात्र काढीत. पंढरपूरची वाट पायी चालणाऱ्या वारकऱ्यांची आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांना वय, आजार किंवा नोकरी यांमुळे पायी जाणे शक्य नव्हते, त्यांची वारी कुर्डुवाडीच्या फलाटावरून झाली. इतर वेळी जे गाव रेल्वेच्या वेळापत्रकावर चालत असे, ते त्या दिवसांत पंचांगावर चालत असे.

लहान रेल्वेचा कारखानाही कुर्डुवाडीलाच उभा राहिला, आणि त्याचे कारणही हेच होते. अडीच फुटांचे इंजिन बिघडले, तर ते मोठ्या रुळांवरून परळच्या कारखान्यात जाऊ शकत नाही. त्याची दुरुस्ती त्याच्याच रुळांवर व्हावयास हवी. म्हणून फिटर, लोहार, सुतार, बॉयलरचे काम जाणणारे कारागीर, इंजिनचालक, सांधेवाले, खलाशी असा एक नवा वर्ग या माळरानावर येऊन स्थिरावला. शेतीच्या पावसावर न अवलंबणारे, महिन्याच्या महिन्याला हातात पडणारे वेतन ही गोष्ट अवर्षणाच्या या पट्ट्यात दुर्मीळ होती. सोलापूर जिल्ह्याने दुष्काळ वारंवार पाहिले आहेत. अशा मुलखात एका गावाचे उत्पन्न आभाळाकडे न पाहता ठरत होते. कारखान्यात लागलेल्या बापाचा मुलगा शाळेत जाई आणि पुढे त्याच कारखान्यात उमेदवारी करी. कुळकायदा, सातबारा आणि पीकपाणी यांच्या जोडीला ड्यूटी, पाळी आणि पेन्शन हे शब्द या गावाच्या रोजच्या बोलण्यात आले.

ज्याच्या कल्पनेतून हे सारे घडले, त्या कॅलथ्रॉपचे पुढचे आयुष्यही चमत्कारिक आहे. बार्शीच्या अनुभवावर त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटांची रेल्वे आखली. ती १९०४ साली सुरू झाली. तेथे त्याने एक युक्ती केली. मोठ्या मापाचा मालडबा आहे तसाच लहान मापाच्या सपाट गाडीच्या पाठीवर चढवावा आणि पुढे न्यावा. माल उतरविणे नको, भरणे नको. कुर्डुवाडीला जे काम माणसांच्या पाठींनी केले, ते तेथे गाडीच्या पाठीने केले. परंतु ती इंग्रजी रेल्वे १९३४ साली बंद पडली. इकडे बार्शी लाइट त्यानंतरही सत्तर वर्षांच्या वर चालली. १९१० साली कॅलथ्रॉपचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून मरण पावला. त्यानंतर कॅलथ्रॉपने विमानातून उडी घेणाऱ्याचा जीव वाचविणाऱ्या हवाई छत्रीचा ध्यास घेतला, आणि ‘गार्डियन एंजल’ या नावाची छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात तिचा उपयोगही झाला. मिरजेचा मार्ग पुरा झाला त्याच १९२७ साली तो निवर्तला.

स्वातंत्र्यानंतर खाजगी कंपन्यांच्या रेल्वे एकामागून एक सरकारच्या ताब्यात येऊ लागल्या. बार्शी लाइट १९५४ साली सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. त्याआधीच, १९४८ साली, महाराष्ट्रात एस.टी.ची पहिली बस धावली होती. डांबरी रस्ते होऊ लागले, मालमोटार शेताच्या बांधापर्यंत पोहोचू लागली, आणि ज्या व्यापाऱ्याला पूर्वी बैलगाडी की बार्शी लाइट एवढीच निवड होती, त्याला आता तिसरा पर्याय मिळाला. मालमोटारीला कुर्डुवाडीला थांबावे लागत नव्हते. तिला मापाचा प्रश्नच नव्हता. हळूहळू लहान मालधक्क्यावरची वर्दळ ओसरली. गाड्या चालत राहिल्या, परंतु त्या मुख्यतः गरिबाच्या, विद्यार्थ्याच्या आणि यात्रेकरूच्या होऊन राहिल्या.

देशात वेगवेगळ्या मापांचे रूळ असल्याने होणारा खोळंबा ही केवळ कुर्डुवाडीची गोष्ट नव्हती. लॉर्ड मेयोच्या काळात, १८७० च्या सुमारास, काटकसरीसाठी मीटर मापाचे रूळ स्वीकारले गेले. डोंगरी आणि आडबाजूच्या भागांत त्याहूनही लहान मापे आली. मिरजेला तर मोठे, मीटर मापाचे आणि अडीच फुटी असे तिन्ही रूळ एका काळी एकत्र नांदत होते. १९९२ साली भारतीय रेल्वेने शक्य तेथे सर्वत्र साडेपाच फुटांचे माप करण्याचे धोरण हाती घेतले. त्या धोरणाने २००२ साली कुर्डुवाडी ते पंढरपूर हा भाग मोठा झाला. २००७ साली लातूर ते उस्मानाबाद आणि २००८ साली उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हे भाग झाले. जुना मार्ग जिल्ह्याचे ठाणे असलेल्या उस्मानाबादला बाजूस टाकून येडशीवरून जात असे. नव्या मार्गाला वळण देऊन ते शहर, ज्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे, प्रथमच रुळांवर आणले गेले. २०११ च्या सुमारास पंढरपूर ते मिरज हा शेवटचा भाग खुला झाला आणि तीन फुटांचा फरक संपला.

तो संपल्याबरोबर कुर्डुवाडीचे जुने कामही संपले. पंढरपूरला मुंबईहून थेट गाडी जाऊ लागली. लातूरचा प्रवासी झोपेतच कुर्डुवाडी ओलांडू लागला. गाडी बदलण्यासाठी जो उतरत नाही, तो चहाही पीत नाही, आणि रात्रीसाठी खोलीही मागत नाही. एखाद्या गावाची सोय म्हणजे दुसऱ्या गावाची रोजी जाणे, हा अनुभव वाहतुकीच्या इतिहासात नवा नाही. बार्शीच्या बैलगाडीवाल्यांनी तो १८९७ साली घेतला होता, आणि कुर्डुवाडीच्या हमालांच्या नातवंडांनी तो शंभर वर्षांनी घेतला. कारखान्याचे भाग्य थोडे निराळे ठरले. अडीच फुटांची विद्या त्याच्या हाती होती आणि त्या विद्येला अन्यत्र गिऱ्हाईक उरले होते. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या छोट्या गाडीचे डबे बांधण्याचे काम कुर्डुवाडीच्या कारागिरांनी केले आहे.

मग या बदलाचा हिशेब कसा मांडावा? गेलेली गाडी गोड वाटते, म्हणून बदलच चुकला असे म्हणणाऱ्यांनी २०१६ सालचा उन्हाळा आठवावा. लातूरला पाणी पुरविणारे मांजरा धरण त्या वर्षी कोरडे पडले होते. लाखोंच्या वस्तीचे शहर तहानेने व्याकूळ झाले, आणि पाणी रेल्वेने आणण्याचा निर्णय झाला. राजस्थानातील कोटा येथे तेलवाहू टाक्या आतून वाफेने स्वच्छ करून मिरजेला आणल्या गेल्या. तेथे त्यांत कृष्णेचे पाणी भरले गेले. ११ एप्रिल रोजी दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या निघाल्या आणि एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी जाऊ लागले. तिचे नाव ‘जलदूत’. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग. म्हणजे तो पुष्कळ अंशी बार्शी लाइटचाच मार्ग होता.

येथे कॅलथ्रॉपचा हिशेब पुन्हा मांडून पाहण्याजोगा आहे. एका टाकीत पन्नास हजार लिटर पाणी, म्हणजे पन्नास टन. टाकीला चार आस. नुसत्या पाण्याचाच भार एका आसावर साडेबारा टन होतो, टाकीचे वजन निराळेच. पाच टनांच्या मर्यादेवर बांधलेल्या हलक्या रेल्वेला ही गाडी पेलली नसती. शिवाय कोट्याहून आलेल्या टाक्या अडीच फुटांच्या रुळांवर चढल्याच नसत्या. म्हणजे ज्या बदलाने कुर्डुवाडीच्या हमालाच्या पाठीवरचे पोते काढून घेतले, त्याच बदलामुळे लातूरच्या नळाला त्या उन्हाळ्यात पाणी आले.

तथापि हेही तितकेच खरे, की कॅलथ्रॉपची हलकी रेल्वे त्या वाटेने आधी गेली नसती, तर तेथे मोठे रूळ टाकण्याचा विचार इतक्या लवकर कोणी केला नसता. जमीन आखलेली होती, स्थानके बसलेली होती, बाजारपेठा त्या स्थानकांभोवती वाढलेल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे त्या वाटेने प्रवास करण्याची सवय लोकांना लागलेली होती. रूळ उखडले गेले तरी वाट राहिली. १९११ साली जेथे लहान रेल्वेचे टोक होते, त्या लातूरला आता रेल्वेचे डबे बनविण्याचा कारखाना उभा राहिला आहे, आणि तेथला पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार होऊन बाहेर पडला.

भारतात कुर्डुवाडीसारखी गावे पुष्कळ आहेत. कोठे नदीचा उतार होता म्हणून, कोठे जकातीचा नाका होता म्हणून, कोठे इंजिनाला पाणी घ्यावे लागे म्हणून माणसे थांबली आणि वस्ती झाली. प्रवासातल्या एखाद्या अडथळ्यावर अशी गावे उभी राहतात. अडथळा दूर झाला की प्रवासी आनंदित होतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या अडथळ्याच्या काठी ज्यांनी पिढ्या काढल्या, त्यांच्यासाठी दुसरे काही काम योजणे हाही त्याच सुधारणेचा भाग मानला गेला पाहिजे. रूळ रुंद करण्याच्या खर्चात माती, खडी आणि पोलाद यांचे आकडे असतात. ज्या गावाने रुळांमधला फरक शंभर वर्षे आपल्या पाठीवर वाहिला, त्या गावाच्या उद्याचाही एक आकडा त्यांत असावयास हवा. कुर्डुवाडी आजही जंक्शन आहे. तेथून चार दिशांना रूळ जातात, आणि आता ते सर्व एकाच मापाचे आहेत.